नाव गोव्याचं, झाड बाहियाचं

परसदार : वाचकांची पत्रं, मास्तरांची उत्तरं

मागच्या अंकात कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, पाटाकडेला उगवणाऱ्या झाडांविषयी लिहिताना दादमर्दनाचा मी दीड ओळीत उल्लेख केला आणि पुढे मिरीवेलीकडे गेलो. मिरीवर अख्खं पान खर्च केलं होतं. तिच्यावर एकही पत्र नाही. दीड ओळीवर मात्र एवढी पत्रं आली की पोस्टमननं विचारलं, मास्तर, कुणाचं लग्न ठरलं की काय? तेव्हा या वेळी मिरी नाही, नारळाची सोंड नाही, सुपारीची गळ नाही. एकच झाड आणि त्याचं गणगोत.

प्रश्न : आमच्या न्हाणीच्या मागे सांडपाणी जातं तिथे पुरुषभर उंचीचं एक झुडूप आपोआप आलं आहे. नोव्हेंबरात त्यावर पिवळ्या मेणबत्त्या उभ्या केल्यासारखी फुलं आली. सासूबाई म्हणतात, हे दादमर्दन, गजकर्णाचं औषध, आपल्या आयुर्वेदातलं. मुलगा कुठल्याशा जुन्या इंग्रजी शब्दकोशात ‘गोवा पावडर’ असा शब्द वाचून आलाय : त्वचारोगावरची पिवळी पूड, शेंगवर्गीय झाडापासून मिळणारी. तो म्हणतो, ती याच झाडाची. दोघं हट्टाला पेटलीत. खरं कुणाचं? (एक भगिनी, सावईवेरे)

उत्तर : सासूबाई अर्ध्या बरोबर, चिरंजीव पाव. उरलेल्या पाव हिश्शासाठी पार ब्राझीलपर्यंत जावं लागेल. पण आधी झाड पक्कं करून घेऊ, कारण ‘मेणबत्ती’ एवढ्या खुणेवर मला लोकांनी आजवर चार वेगवेगळी झाडं दाखवली आहेत.

पान बघा. दीड-दोन फूट लांब देठावर पर्णिकांच्या समोरासमोर आठ ते चौदा जोड्या, आणि टोकाला एकटी पर्णिका नाही. दिवेलागणीला पुन्हा जाऊन पाहा, पर्णिका हात जोडल्यासारख्या मिटलेल्या असतील. फुलांच्या दांड्यावर प्रत्येक कळी केशरी-पिवळ्या पत्रात गुंडाळलेली असते, आणि फूल उमललं की ते पत्र गळून पडतं. म्हणून दांड्याचा शेंडा कायम भरगच्च आणि खालचा भाग विरळ. मेणबत्तीचा भास त्यामुळेच. शेवटची खूण शेंग. चौधारीची शेंग तुम्ही खाल्लीच असेल, तिच्यासारखेच चार उभे पंख हिला असतात. ही वाळली की काळी पडते, आत पन्नासेक चपट्या बिया. हलवली तर खुळखुळा. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये या पंखांवरूनच नाव ठेवलं, कॅसिया अलाटा. अलाटा म्हणजे पंखवाली. आमच्या पिढीनं शाळेत हेच नाव शिकवलं. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नेबी या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅसियाच्या एकत्र कुटुंबाची वाटणी केली. बहावा कॅसियाच राहिला, हे झाड सेन्नाच्या वाट्याला गेलं. तेव्हापासून ते सेन्ना अलाटा. माझ्या जुन्या वहीत मात्र अजून खोडाखोड करून लिहिलेलं आहे.

आता सासूबाई. गजकर्णावरचं औषध, हे बरोबर. आयुर्वेदातलं जुनं, हे नाही. ‘दादमर्दन’ हे नाव इतकं संस्कृत वाटतं की चरकाच्या तोंडी शोभावं. पण झाड उष्ण अमेरिकेचं, मेक्सिकोपासून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंतचं. तिथल्या वर्षावनात ते गर्द सावलीत वाढत नाही. नदीकाठची मोकळी दलदल, पूर ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन, जंगल फाटून ऊन आत आलेली जागा, हे त्याचं घर. तुमच्या न्हाणीमागे त्याला तेच मिळालं : ओल, ऊन आणि कुणाची ढवळाढवळ नाही. चरक-सुश्रुतांच्या काळी काजू, मिरची, अननस आपल्याकडे नव्हते, तसं हेही नव्हतं.

ग्रंथातला खरा ‘दद्रुघ्न’, म्हणजे नायट्याचा नाश करणारा, तुम्ही दर पावसाळ्यात ताटात वाढून घेता. तो आपला तायकिळा. संस्कृतात चक्रमर्द, एडगज. चरकसंहितेत त्वचारोगावरच्या लेपात बहाव्याच्या मांडीला मांडी लावून एडगज बसलेला आहे. तायकिळा आणि दादमर्दन दोन्ही सेन्नाच, सख्खे चुलतभाऊ. परदेशातून थोरल्या अंगाचा भाऊ आला, त्याच्याही पानात तोच गुण दिसला, म्हणून लोकांनी घरातल्याचं बिरूद त्याला लावलं असावं असं मला वाटतं. सासूबाईंना सांगा, तुमचं औषध जुनंच आहे, फक्त बोट दुसऱ्या झाडाकडे गेलं.

आता चिरंजीव. शब्दकोशातला शब्द खरा. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात एक पिवळी भुकटी चढ्या भावानं विकली जायची. गजकर्णावर रामबाण. ती गोव्याहून यायची म्हणून इंग्रजांनी नाव ठेवलं गोवा पावडर. कशाची आहे, हे त्यांना कळेना. कुणी म्हणे शेवाळाची, कुणी काय. विकणारे गप्प. गुपित फुटलं १८७० च्या दशकात, तेही ब्राझीलमधून. बाहियाच्या सिल्व्हा लीमा या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ही आमच्याकडची अरारोबा. बाहियाच्या किनारी वर्षावनात एक उंच शेंगवर्गीय वृक्ष असतो, आंदिरा अरारोबा (आता वतायरेओप्सिस). त्याच्या खोडाच्या गाभ्यात फटी आणि पोकळ्या असतात, त्यांत ही पूड साचते. झाड पाडायचं, ओंडके फोडायचे, आतली पूड खरवडायची. ताजी फिकट पिवळी, वारा लागला की काळपट तपकिरी. खरवडणाऱ्यांचे डोळे सुजत, तोंडाची कातडी जळजळे. ती पोर्तुगालला जायची आणि तिथून पोर्तुगीजांच्या मुलखांत. गोव्यात ती फक्त उतरायची आणि पुढे जायची. ते झाड इथे कधी नव्हतंच.

पुढची गंमत मुलाला जरूर सांगा. या पुडीतल्या मुख्य द्रव्याला क्रायसॅरोबिन म्हणतात. १८७६ च्या सुमारास लंडनचे बाल्मॅनो स्क्वायर यांच्या लक्षात आलं की गजकर्ण समजून ही पूड लावलेल्या एका रोग्याचं सोरायसिस बरं झालं. झालं, सोरायसिसवर तिचं मलम जगभर गेलं. कपड्यांचा सत्यानाश करायचं ते. डाग पिवळा पडायचा आणि साबण लागला की जांभळा व्हायचा. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत येईना, तेव्हा १९१६ मध्ये तिथल्या रसायनवाल्यांनी त्याचा कृत्रिम भाऊ तयार केला, डिथ्रॅनॉल. सोरायसिसच्या उपचारात तो अजून आहे.

मग मुलाला पाव गुण कशाचे दिले? दादमर्दनाच्या पानात क्रायसोफॅनिक आम्ल, ऱ्हीन, इमोडिन अशी द्रव्यं असतात, आणि ती अरारोबाच्या पुडीतल्या द्रव्यांच्याच जातकुळीची आहेत. दोन्ही झाडं शेंगवर्गीय, दोन्ही अमेरिकेतल्या पावसाळी मुलखाची, दोन्ही गजकर्णावर. पण एक पंचवीस-तीस मीटरचा वृक्ष आणि दुसरं तुमच्या न्हाणीमागचं झुडूप. मुलानं नातं बरोबर ओळखलं, माणूस चुकीचा धरला.

प्रश्न : मी वास्कोला काम करतो. दिवसभर बूट ओले. जांघेत आणि पायावर गजकर्ण उठलंय. दोन महिने एक क्रीम लावतोय, लावलं की जातं, थांबवलं की दुप्पट येतं. दादमर्दनाचा पाला कसा लावायचा? (एक वाचक, वास्को)

उत्तर : तुम्हाला आधी माझीच गोष्ट सांगतो.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना मानेवर रुपयाएवढं गजकर्ण उठलं होतं. आईनं दादमर्दनाची पानं पाट्यावर वाटली, वर लिंबू पिळलं आणि लेप दिला. दोन दिवसांत खाज गेली. आई शेजारणीला सांगत सुटली. मला वाटलं, थोड्यानं एवढं होतं तर जास्तीनं काय होईल! तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मूठभर पाला दगडावर ठेचला, मानेला बांधला आणि तसाच झोपलो. सकाळी गजकर्णाच्या जागी तळहाताएवढा फोड. फोड बसला, पण काळा डाग दिवाळीपर्यंत राहिला, आणि वर्गातली पोरं मला ‘करपलेली भाकरी’ म्हणायची. गजकर्ण गेलं होतं, हे कबूल. पण ते पाल्यानं गेलं की कातडीच सोलून निघाल्यानं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाल्यात बुरशीला आवरणारा गुण आहे, हे खोटं नाही. फिलिपीन्समध्ये या झाडाला अकापुल्को म्हणतात. तिथल्या आरोग्य खात्यानं पुरस्कारलेल्या दहा औषधी वनस्पतींत त्याचं नाव आहे, आणि त्याचे साबण, लोशन दुकानात मिळतात. पण ती मोजून-मापून केलेली औषधं. आपण पाट्यावर वाटतो तेव्हा पान कोवळं की जून, लिंबू किती, कातडी कशी, कशाचाच हिशेब नसतो. हातापायावर नाण्याएवढा एखादा ताजा चट्टा असेल आणि मोठ्या माणसानं आधी दंडावर थोडं लावून पाहिलं, तर माझी हरकत नाही. जांघेत मात्र अजिबात नाही. तिथली कातडी पातळ, वर घाम आणि घर्षण. लहान मुलांना नाही, डोळ्यांजवळ नाही, खाजवून फुटलेल्या जागी नाही. आणि ‘रक्त शुद्ध होतं’ म्हणून काढा तर कुणी पिऊच नका. सोनामुखीचा हा नातलग आहे. थायलंडमध्ये याच पानाचा चहा पोट साफ करायला घेतात. तुम्ही गजकर्णासाठी प्याल आणि रात्रभर न्हाणीच्या वाटेवर राहाल.

तुमच्या पत्रातली जी ओळ मला टोचली ती वेगळी : लावलं की जातं, थांबवलं की दुप्पट. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असलं काही असेल तर ते स्टेरॉइड. त्यानं खाज आणि लाली दबते, आणि खाली बुरशी निवांत पसरते. माझ्या भाच्यालाही एका दुकानदारानं असंच ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून दिलं होतं. सहा महिने गेले. शिवाय आता भारतात गजकर्णाची एक हट्टी बुरशी पसरली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिई हे नाव दिलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. तुमच्या गजकर्णावर झाडपाल्याच्या मास्तराचं काम नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ती ट्यूब सोबत न्या आणि किती दिवस लावली ते खरं सांगा. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही न्या, नाहीतर एकाच टॉवेलवरून तेच गजकर्ण घरभर फिरत राहील. कामावर मोज्यांचा दुसरा जोड ठेवा. ओल्या जागी ही बुरशी आपल्या कातडीतलं केराटिन खाऊन जगते. तिचं जेवण बंद करता येत नाही, ओल बंद करता येते.

प्रश्न : आमची कामवाली तायकिळा म्हणून जो पाला आणते त्याची भाजी कडू होते आणि वासही उग्र येतो. ती म्हणते, हाच तायकिळा. मास्तर, फसवणूक होतेय का? (एक गृहिणी, डिचोली)

उत्तर : तिची नियत नका काढू, फार तर नजर चुकली म्हणा. तुमच्याकडे बहुधा कासविंदा येतोय. तोही सेन्नाच, तोही पावसाबरोबर बांधावर आणि रस्त्याकडेला उगवतो. अगदी कोवळा असताना भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

तायकिळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या. पर्णिका बुडाशी निमुळती, टोकाला रुंद आणि गोल. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, आणि टोक टोकदार. आता चष्मा लावा : तायकिळ्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये, दोन पर्णिकांच्या मधोमध, काडीच्या टोकाएवढी केशरट ग्रंथी असते. कासविंद्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, खोडाला लागून. पान चुरगळलं की कासविंद्याचा वास डोक्यात जातो. शेंगा आल्या तर प्रश्नच मिटला. तायकिळ्याची शेंग वीतभर, बारीक, विळ्यासारखी बाकदार. कासविंद्याची चपटी, कडा फिकट आणि बहुतेक वर रोखलेली.

हा फरक नुसता चवीचा नाही. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं वर्षानुवर्षं हिवाळ्याच्या तोंडावर अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती. मेंदूज्वर समजून उपचार चालायचे. तिथल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा कळलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या हिरव्या शेंगा खातात, आणि ते विष यकृत, स्नायू, मेंदू तिन्हींना धरतं. अंगणात पोरं खेळत असतील तर कासविंदा शेंगा धरण्याआधी उपटा. काही जण त्याच्या बिया भाजून कॉफीसारख्या पितात, मला तो धीर नाही. तायकिळ्याच्या बियांचंही असंच पेय करतात. त्यांच्यापासून काढलेला डिंक परदेशात कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्यात दाटपणासाठी घालतात. आपल्या बांधावरचं तण आणि परदेशी मांजराचं जेवण, असो.

भाजीसाठी पहिल्या पावसानंतरची कोवळी शेंडीच घ्या, चारसहा पानांची. आमच्याकडे आठळ्या ठेचून आधी शिजवतात, मग कांदा, ओली मिरची, चिरलेला तायकिळा, वर मूठभर सोय, म्हणजे खवलेला नारळ. झाकण काढूनच शिजवायची, हा माझ्या बायकोचा दंडक. झाकण ठेवलं की रंग जातो आणि कडवटपणा आतच कोंडतो म्हणते. फुलं धरल्यावर तायकिळा खाऊ नये, तोपर्यंत तो तण झालेला असतो.

प्रश्न : दादमर्दन शेंगवर्गीय म्हणजे मुळांवर गाठी असणार, जमिनीला नत्र मिळणार. माझ्या काजूबागेत बांधाला लावू का? (एक शेतकरी, सांगे)

उत्तर : सगळ्या शेंगवाल्यांना एका माळेत ओवू नका. वायंगणात भातानंतर तुम्ही अळसांदे पेरता, त्याचं एक रोप फुलोऱ्याच्या आधी हलक्या हातानं उपटा. मुळांवर मुगाएवढ्या गाठी दिसतील. एक नखानं फोडा, आत गुलाबी. तो रंग असेल तर आतले जिवाणू हवेतला नत्र बांधतायत. दादमर्दनाचं रोप उपटलंत तर मुळं स्वच्छ. सेन्ना मंडळींना गाठी नसतात. तायकिळ्यालाही नाहीत, बहाव्यालाही नाहीत. पाला कापून आळ्यात टाका, कुजून सेंद्रिय खत होईल, पण ते कुठल्याही पाल्याचं होतं. बांधाला ग्लिरिसिडिया लावा. तोही मध्य अमेरिकेचाच, पण गाठी धरतो, छाटणी सोसतो आणि पाला भरपूर देतो.

प्रश्न : कुंडीतल्या दादमर्दनावर हिरव्या अळ्यांनी एका आठवड्यात सगळी पानं खाल्ली. काय फवारू? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : काहीही नाही. त्या अळ्या बहुधा एमिग्रंट म्हणतात त्या फिकट पिवळ्या-हिरवट पांढऱ्या फुलपाखरांच्या. त्यांचं बाळंतपण बहाव्यावर, तायकिळ्यावर आणि दादमर्दनावर होतं. झुडूप महिन्याभरात पुन्हा पालवेल. तोपर्यंत देठाखाली शोध, हिरवा टोकदार कोष लोंबताना दिसेल, एका धाग्यानं कंबर बांधलेला.

आणि फुलं आली की सकाळी जरा बाजूला उभी राहा. या फुलात मध नसतो. पराग पुंकेसराच्या नळीत बंद, टोकाला फक्त बारीकसं छिद्र. मांगराच्या वाशाला भोकं पाडणारा तो मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसराला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग असं थरथरवतो की पराग उडून त्याच्या पोटावर पडतो. त्या वेळी आवाज बदलतो, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा एक पट्टी वर जातो. मी शाळेत दरवर्षी सातवीच्या पोरांना हे ऐकायला बाहेर न्यायचो. निम्मी भुंग्याला घाबरून पळायची. उरलेल्या निम्म्यांपैकी एकानं विचारलं होतं, मास्तर, यात भुंग्याला काय मिळतं? पराग तर झाडाला हवा! जवाब असा : पुंकेसर सगळे सारखे नसतात, काही भुंग्याला खायला, काही त्याच्या अंगाला पराग चोपडायला. तो मुलगा आता बँकेत आहे.

प्रश्न : दादमर्दनाचं बी पाठवाल का? मोले-धारबांदोडा भागात व्हाळाच्या काठी लावायचा विचार आहे, माती धरून ठेवेल. (तिघा वाचकांची साधारण अशीच पत्रं)

उत्तर : व्हाळाच्या काठी लावणार असाल तर नाही. वाहत्या पाण्याच्या कडेला हे झाड स्वतःच्या घरी असतं, हे वर लिहिलंच. पंखांची शेंग पाण्यावर तरंगते, एकेका शेंगेत पन्नासेक बिया, आणि एका झुडपाला शेंगा किती लागतात ते एकदा मोजून पाहा. उत्तर ऑस्ट्रेलियात पाणथळ जागांतून हे तण म्हणून उपटत बसलेत. मोलेचं जंगल आधीच रानमोडी या तणाशी झगडतंय, त्यात आणखी एक पाहुणा मी माझ्या हातानं धाडणार नाही. व्हाळाची माती धरायला तिथलीच करंज आहे. तीही शेंगवर्गीय, तिला गाठीही आहेत, आणि चरकाच्या त्याच लेपात बहावा-एडगजाच्या शेजारी तीही बसलेली आहे.

घराच्या आवारात, व्हाळापासून लांब, भरपूर उन्हात लावणार असाल तर खुशाल लावा. बियांचं कवच टणक असतं. पॉलिश कागदावर एका बाजूनं घासून रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेल्या तेवढ्या पेरा. मिरगाला पेरलंत तर दिवाळीनंतर फुलं बघाल. फुलं सरली की शेंगा हिरव्या असतानाच दांडे कापा आणि झाड गुडघ्याइतकं छाटा, नाहीतर पुढच्या वर्षी ते खोडाशी उघडंबोडकं आणि शेंड्याला झिपरं होतं.

माझ्याकडे या वर्षीच्या तीनच शेंगा शिल्लक आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी तिकीट लावलेला लिफाफा पाठवावा आणि आत चिठ्ठीवर लिहावं : घरापासून सगळ्यात जवळचा व्हाळ किती पावलांवर आहे.